पगाराच्या चिठ्ठीतली एक ओळ



गेल्या हनुक्काला मी तीन आठवडे सिंगापूरला भाच्याकडे होते. माझा धाकटा भाऊ ठाण्यातच राहिला. आम्ही बाकीची भावंडे १९७० च्या सुमारास आईवडिलांबरोबर इस्राएलला आलो. त्या भावाचा मुलगा काही वर्षांपासून सिंगापूरला नोकरी करतो. एका संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलावर कागद पसरून महिन्याचा हिशेब करत बसला होता. मी शिक्षिका, कागद दिसला की वाचायची सवय. चष्मा लावून त्याची पगाराची चिठ्ठी पाहिली. कपातीच्या रकान्यात ‘सिंडा’ असा एक शब्द आणि पुढे थोडे डॉलर.

“हा कसला कर रे?” मी विचारले.

“कर नाही, आत्या. इथल्या इंडियन मुलांच्या शिक्षणासाठी दर महिन्याला कापतात.”

“कोणाच्या मुलांच्या?”

“ते मला कुठे माहीत? असतील कोणाची तरी.”

तो पुन्हा हिशेबाला लागला, पण त्याचे ते “कोणाची तरी” माझ्या मनातून जाईना. त्याचे कारण माझ्या स्वतःच्या शाळेत आहे, ते पुढे सांगते. आधी ही ‘सिंडा’ म्हणजे काय ते सांगायला हवे.

सिंडा म्हणजे सिंगापूर इंडियन डेव्हलपमेंट असोसिएशन. ती १९९१ साली स्थापन झाली. त्या सुमारास सिंगापुरातील भारतीय वंशाची मुले शाळेत मागे पडत होती, विशेषतः गणितात. कारणे शोधण्यासाठी समाजातील जाणत्या लोकांची समिती नेमली गेली आणि तिच्या कामातून ही संस्था उभी राहिली. मलय मुसलमान मुलांसाठी ‘मेंदाकी’ ही संस्था १९८२ पासूनच होती. पाठोपाठ १९९२ मध्ये चिनी समाजाची संस्था आली. युरेशियन लोकांचीही एक आहे. प्रत्येक समाजातील नोकरदारांच्या पगारातून दरमहा लहानशी रक्कम त्या त्या संस्थेकडे जाते. सिंडाच्या बाबतीत ती पगाराप्रमाणे १ डॉलरपासून ३० डॉलरपर्यंत असते. ज्याला द्यायची नसेल त्याने अर्ज करून तसे कळवायचे, सक्ती नाही. सिंगापूरच्या सरकारी रकान्यात तमिळ, मल्याळी, पंजाबी, गुजराती, सिंधी, बंगाली, गोवेकर, पारशी सगळे ‘इंडियन’ या एकाच नावाखाली येतात. आमचा ठाणेकर बेने इस्राएलही त्यातच बसला आहे, आणि त्याला त्याचे काही वाटत नाही.

सिंगापूर तर श्रीमंत देश, सरकारी शाळेची फी तिथल्या नागरिकांना नाममात्र. मग या पैशांचे काम काय, असा प्रश्न मलाही पडला. उत्तर भाचेसुनेने दिले. तिथे सहावीच्या अखेरीस, म्हणजे मूल बारा वर्षांचे असताना, सगळ्या देशाची एक परीक्षा होते. पुढे कोणत्या माध्यमिक शाळेत जायचे ते तीवर ठरते. त्यामुळे ज्यांना परवडते ते आईबाप मुलांना खासगी शिकवण्या लावतात. ज्यांना परवडत नाही त्यांची मुले तिथेच मागे राहतात. सिंडा अशा मुलांसाठी कमी फीचे वर्ग चालवते आणि गरीब घरांना त्यातही सवलत देते. शिवाय लहान मुलांबरोबर बसून पुस्तके वाचायला स्वयंसेवक जातात. आमची भाचेसून आठवड्यातून एक संध्याकाळ हे काम करते. तिच्याकडे सात वर्षांचा एक तमिळ मुलगा आहे. घरात वर्तमानपत्रही येत नाही, आई साफसफाईच्या कामावर रात्री उशिरापर्यंत. “पहिल्या महिन्यात तो फक्त चित्रे पाहायचा,” ती म्हणाली. “आता मला चुकीचे वाचू देत नाही.”

या पद्धतीवर सिंगापुरातच टीकाही होते. समाजासमाजात मदत वाटली तर मोठ्या आणि सधन समाजाचा निधी मोठा आणि लहान समाजाचा लहान, आणि गरज मात्र नेमकी उलट, असे टीकाकार म्हणतात. त्यात तथ्य आहे. म्हणूनच की काय, अलीकडच्या वर्षांत या चारही संस्थांनी एकत्र येऊन शाळांमध्ये दुपारची संगोपन केंद्रे चालवायला घेतली आहेत. तिथे शाळा सुटल्यावर सर्व समाजांची मुले एका छपराखाली बसून गृहपाठ करतात. ‘आपली मुले’ या शब्दाचा अर्थ किती रुंद करायचा, हा प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही आणि आपल्यालाही.

आता माझ्या शाळेविषयी. आम्ही मूळचे अलिबागकडचे. चौथीपर्यंत मी गावच्या शाळेत होते. मग वडिलांना मुंबईत एका कारखान्यात फिटरची नोकरी लागली आणि आम्ही माझगावला आलो. तिथे सर एली कदूरी शाळेत माझे नाव घातले गेले. मला नादारी होती. आजच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो: ज्याच्या बापाला फी झेपत नाही, त्याला फी माफ. एकदा मी वडिलांना विचारले, “बाबा, आपण फी भरत नाही, मग बाईंचा पगार कोण देतं?” वडील म्हणाले, “कुणीतरी भरतं, बाय. तू अभ्यास कर.”

माझी फी सरकारी सवलतीतून गेली की शाळेच्या निधीतून, हे मी पुढे कधी विचारले नाही. मी अभ्यास केला, मॅट्रिक झाले, इस्राएलला येऊन हिब्रू शिकले आणि दिमोनात पस्तीस वर्षे मुलांना गणित शिकवले. त्या ‘कुणीतरी’चा विचार करायला मला सिंगापूरला जाऊन भाच्याच्या पगाराची चिठ्ठी वाचावी लागली. तो देतो, आणि घेणारा कोण हे त्याला माहीत नाही. मी घेतले, आणि देणारा कोण हे मला माहीत नव्हते. रामबामने त्सदाकाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत हे आपण लहानपणापासून ऐकतो. वरून दुसऱ्या पायरीवर तो दानधर्म आहे ज्यात देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा. सगळ्यांत वरची पायरी म्हणजे माणसाला असे उभे करणे की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. शिक्षणासाठी दिलेल्या निनावी पैशात या दोन्ही पायऱ्या एकत्र येतात.

शब्बाथला मी वॉटर्लू स्ट्रीटवरील मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये जात असे. तिथून चालत थोड्या अंतरावर सिंगापूरचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे. घरातली मंडळी कामावर गेली की मी तिथे जाऊन बसे. सिंगापूरच्या शाळा कोणी उभ्या केल्या, एवढाच प्रश्न घेऊन वाचायला सुरुवात केली.

इंग्रजांचे ठाणे तिथे १८१९ मध्ये पडले आणि १८२३ मध्ये रॅफल्स यांनी एका विद्यालयाची पायाभरणी केली. तेच आजचे रॅफल्स इन्स्टिट्यूशन. पण पुढची कित्येक दशके सरकारने शिक्षणावर हात राखूनच खर्च केला. बंदरावर माल उतरवणाऱ्या हमालांच्या, रिक्षा ओढणाऱ्यांच्या, धोब्यांच्या मुलांसाठी जे झाले ते बहुतेक लोकांनी केले. फादर बोरेल या फ्रेंच पाद्र्यांनी १८५२ मध्ये मुलांसाठी सेंट जोसेफ्स आणि १८५४ मध्ये मुलींसाठी कॉन्व्हेंट सुरू केले. या कॉन्व्हेंटने अनाथ मुलींना आसरा दिला. गरिबीतून वर आलेले गान एंग सेंग हे चिनी गृहस्थ एका इंग्रज पेढीत नोकरी करून सधन झाले. त्यांनी १८८५ मध्ये गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढली. ती त्यांच्या नावाने आजही चालते. १८८७ मध्ये सोफिया ब्लॅकमोर ही ऑस्ट्रेलियन मिशनरी बाई सिंगापूरला आली. तिने नऊ तमिळ मुलींना घेऊन शाळा सुरू केली, आणि त्या शाळेला मदत केली ती तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांनी. मुलींना शिकवायचे की नाही याबद्दल आपल्याकडेही घराघरांत वाद होते, त्या काळची ही गोष्ट आहे.

याच गावात आपले ज्यू बांधवही होते. १८३० च्या खानेसुमारीत सिंगापुरात नऊ ज्यू व्यापारी नोंदलेले आहेत. पहिले सिनेगॉग १८४१ च्या सुमाराचे, एका दुकानवजा घरात. ज्या रस्त्यावर ते होते त्याला आजही सिनेगॉग स्ट्रीट म्हणतात, जरी सिनेगॉग केव्हाच हलले. मागेन अबोथ १८७८ मध्ये उभे राहिले. आसपासच्या गल्ल्यांत, मिडल रोड, सेलेगी, विल्की रोड या भागांत बगदादहून आलेली साधी कुटुंबे दाटीवाटीने राहात. त्या वस्तीला ते ‘महाल्ला’ म्हणत, आपला ‘मोहल्ला’च. श्रीमंतांचे बंगले टेकडीवर आणि गरिबांच्या खोल्या खाली, हे चित्र भायखळ्याला वाढलेल्या कोणालाही ओळखीचे वाटेल.

या समाजाचे धुरीण होते सर मनासेह मेयर. बगदादचा जन्म, कलकत्त्यात बालपण, आणि १८६१ मध्ये पोरवयात सिंगापूर. तिथे ते काही काळ फादर बोरेल यांच्या सेंट जोसेफ्समध्येच शिकले. म्हणजे ज्यू मुलाला इंग्रजी शिकवले ते कॅथलिक शाळेने. पुढे हिंदुस्थानशी व्यापार करून आणि जमीनजुमला घेऊन ते मोठे धनिक झाले. त्या काळच्या कलकत्ता-सिंगापूर व्यापारात अफू हाही कायद्याने मान्य असलेला माल होता आणि बगदादी व्यापारी त्यात होते, हे लपवण्यात अर्थ नाही. इतिहास सांगायचा तर सगळा सांगावा.

मेयर यांनी मागेन अबोथच्या उभारणीत पुढाकार घेतला आणि १९०५ मध्ये आपल्या बंगल्याच्या आवारात चेसेद-एल हे दुसरे सिनेगॉग बांधले. समाजातील मुलांच्या हिब्रू शिक्षणालाही त्यांचा आधार होता. पण त्यांची शिक्षणासाठीची सर्वांत मोठी देणगी समाजाबाहेर गेली. सिंगापूरच्या स्थापनेच्या शंभरीनिमित्त उच्च शिक्षणासाठी रॅफल्स कॉलेज काढायचे ठरले, तेव्हा मेयर यांनी दीड लाख डॉलर दिले. तेवढीच रक्कम जावातील साखरसम्राट ओई तिओंग हाम यांनी दिली. कॉलेज १९२८ मध्ये सुरू झाले. बुकित तिमाह रस्त्यावरच्या त्या आवारात मेयर यांच्या नावाची इमारत आजही आहे. तिच्यात शिकलेल्यांत ज्यू मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सारे चिनी, मलय, हिंदी, युरेशियन.

इथे आपल्या वाचकांना जवळचा वाटेल असा एक प्रसंग सांगते. २ नोव्हेंबर १९२२ रोजी जपानला जाणाऱ्या बोटीतून अल्बर्ट आइन्स्टाइन सिंगापूरला उतरले. यरुशलेममध्ये हिब्रू विद्यापीठ उभारायचे होते आणि त्यासाठी पैसा गोळा करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले होते. मेयर यांच्या बंगल्यावर मोठा स्वागतसमारंभ झाला. नोबेल पारितोषिक जाहीर व्हायला तेव्हा आठवडा उरला होता. आइन्स्टाइन यांनी रोजनिशीत मेयर यांना क्रीसस राजाची उपमा दिली आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर कुबेर. आपल्या बोलण्याचा या कुबेरावर काही परिणाम झाला की नाही, याची त्यांना खात्री वाटली नव्हती. देणगी मात्र गेली. मेयर यांनी दिली आणि सिंगापूरच्या इतर ज्यूंनीही दिली. हिब्रू विद्यापीठ १९२५ मध्ये उघडले. आपली मुले, नातवंडे तिथे शिकली. देणगी मागायला जाताना ज्यांचे पाय अडखळतात त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की आइन्स्टाइनलाही दारोदार जावे लागले होते.

मोठ्या देणग्यांची नावे भिंतीवर लागतात म्हणून ती आपल्याला कळतात. सिंगापूरच्या इतिहासात दुसऱ्याही देणग्या आहेत. १९५० च्या दशकात चिनी माध्यमाच्या शाळांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना पुढे शिकायला जागा नव्हती. त्यांच्यासाठी नान्यांग विद्यापीठ काढायचे ठरले. टॅन लार्क साय या रबर व्यापाऱ्याने पन्नास लाख डॉलर देऊ केले आणि फुजियानी लोकांच्या संघाने पाचशे एकरांहून जास्त जमीन दिली. पण जुन्या लोकांना अजून आठवतात ते सायकलरिक्षावाले. एप्रिल १९५४ मध्ये दीड हजारांहून अधिक रिक्षावाल्यांनी एका दिवसाची कमाई विद्यापीठाला दिली आणि वीस हजारांहून जास्त डॉलर जमले. त्यांतल्या बहुतेकांना स्वतः शाळा माहीत नसेल. त्यांची नावे कुठल्याही भिंतीवर नाहीत.

राज्यकर्त्यांनीही शिक्षणाची जबाबदारी उचलावी लागते, तेवढ्यावर दानाने भागत नाही. त्याच सुमारास सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री झाले ते डेव्हिड मार्शल, बगदादी ज्यू कुटुंबात सिंगापुरातच जन्मलेले. १९५५-५६ च्या जेमतेम चौदा महिन्यांच्या कारकिर्दीत त्यांनी चिनी शिक्षणाच्या प्रश्नावर सर्व पक्षांची समिती नेमली. इंग्रजी, मलय, चिनी आणि तमिळ या चारही भाषांच्या शाळांना समान वागणूक द्यावी, अशी शिफारस त्या समितीने केली. स्वतः सेंट अँड्रूज आणि रॅफल्समध्ये इंग्रजीत शिकलेला हा माणूस, पण तमिळ आणि चिनी शाळेतल्या मुलांनाही सारखाच वाटा मिळावा या बाजूला उभा राहिला.

हे सगळे वाचता वाचता मन माझगावला परत येत होते. आपल्या शाळेचा इतिहास आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे, तरी थोडक्यात उजळणी करते. गेल्या शतकाच्याही आधी आपले पूर्वज कोकणात घाणा चालवणारे शनवार तेली. मुंबईला आले, पलटणीत गेले, गवंडी, सुतार, कारकून झाले. त्यांच्या मुलांना आधी शिकवले ते मिशनऱ्यांनी. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले ते आपल्यासाठीच. शिकवण्यामागे धर्मांतराचा हेतू होता, तो फारसा साधला नाही, पण शिक्षण मात्र मिळाले. मग आपली स्वतःची शाळा हवी म्हणून हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएलाइट स्कूल सुरू केले. आपल्या समाजाचा इतिहास लिहिणारे केहिमकर तेच. समाज गरीब, वर्गणी अपुरी. तेव्हा लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनने वर्षानुवर्षे मदत पाठवली. पुढे १९३० च्या दशकात सर एली कदूरी यांनी मोठी देणगी दिली आणि शाळेला त्यांचे नाव मिळाले.

एली कदूरी कोण? बगदादचे ज्यू, मुंबईमार्गे हाँगकाँगला गेलेले, शांघाय आणि हाँगकाँगला नाव कमावलेले. म्हणजे मेयर यांच्याच बिरादरीतले. आता ज्यांना जुन्या गोष्टी ठाऊक आहेत त्यांना आठवेल की बगदादी आणि बेने इस्राएल यांचे संबंध नेहमीच गोड नव्हते. मुंबईत दफनभूमीत वेगळी जागा हवी म्हणून बगदाद्यांनी मागणी केली होती. रंगूनच्या सिनेगॉगमध्ये बेने इस्राएलांना मताचा हक्क आहे की नाही, हा वाद १९३० च्या दशकात हायकोर्टात गेला, आणि निकाल आपल्या बाजूने लागला. ज्या दशकात रंगूनला एक बगदादी गट आपल्याला बाहेर ठेवू पाहात होता, त्याच दशकात हाँगकाँगचा एक बगदादी माझगावच्या आपल्या मुलांसाठी पैसे देत होता. त्याने आमच्या वंशावळी तपासल्या असत्या तर मी शिकले असते का, कोण जाणे.

त्यांचे भाऊ सर एलिस कदूरी १९२२ मध्ये वारले. शिक्षणासाठी त्यांनी ठेवलेल्या पैशातून ब्रिटिश सरकारने या देशात दोन शेतकी शाळा काढल्या. एक तुलकरेमला, अरब मुलांसाठी. दुसरी १९३३ मध्ये ताबोर डोंगराजवळ, ज्यू मुलांसाठी. यित्झाक राबिन तिथलेच विद्यार्थी. एकाच मृत्युपत्राचे पैसे, दोन समाजांची मुले. आपण अफुला-तिबेरियाच्या रस्त्यावरून जाताना ‘कदूरी’ची पाटी पाहतो, पण माझगावच्या शाळेचे नाव आणि हे नाव एकाच घरातले, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

पैशाने इमारत होते. शाळा शिक्षकांमुळे होते. आपल्या शाळेत १९२२ पासून १९५० पर्यंत मुख्याध्यापिका होत्या रिबेका रूबेन. इंग्लंडला जाऊन शिकून आलेल्या या बाईंना कुठेही मानाची जागा मिळाली असती. त्यांनी आपली वर्षे गरीब घरांतल्या मुलांच्या शाळेला दिली. मी शाळेत गेले तेव्हा त्या नव्हत्या, पण आमच्या आधीच्या पिढीतल्या बायका त्यांचे नाव कानाला हात लावून घेत. देणगीचे दोन प्रकार सांगतात, धनाचे आणि वेळेचे. रिबेकाबाईंची देणगी दुसऱ्या प्रकारची होती, आणि माझ्या मते पहिल्या प्रकारच्या कुठल्याही देणगीपेक्षा लहान नव्हती.

आता जे सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. मागे आपल्या काही मंडळींच्या बैठकीत मुंबईच्या शाळेला मदत पाठवण्याचा विषय निघाला होता. एक गृहस्थ म्हणाले, “तिथे आता आपली मुले आहेत कुठे? सगळी बाहेरची.” बोलणे खोटे नव्हते. आपण सगळे इथे आलो. शाळेच्या बाकांवर आज बहुतेक आसपासच्या मुसलमान आणि इतर गरीब घरांतली मुले आहेत. बैठक पुढच्या विषयाकडे वळली. मीही गप्प बसले. नादारीवर शिकलेली बाई, आणि मी गप्प बसले. सिंगापूरच्या त्या संध्याकाळपासून याची मला लाज वाटते आहे.

आपण ‘बाहेरचे’ हा शब्द फार जपून वापरायला हवा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला याच देशात आपल्याला पूर्ण ज्यू मानायचे की नाही, यावर वाद झाला. आपल्या लोकांना यरुशलेमला धरणे धरावे लागले आणि १९६४ मध्ये तो प्रश्न मिटला. दारावर उभे राहणे म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे. तालमूदात येहोशुआ बेन गमला या महायाजकाची आठवण आदराने केली आहे. पूर्वी ज्याला बाप होता त्याला बाप शिकवी. ज्याला बाप नव्हता तो अडाणी राही. म्हणून त्याने गावोगाव शिक्षक नेमले आणि सहा-सात वर्षांची मुले त्यांच्याकडे पाठवावी असा दंडक घातला. शाळा ही कल्पनाच मुळी ज्या मुलाचे कोणी नाही त्याच्यासाठी निघाली.

मला मोठी योजना सुचवायची नाही. मोठ्या योजनांच्या बैठका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. सिंगापूरकडून दोन साध्या गोष्टी घेता येतील. पहिली, थोडे पण नेमाने. सणावारी भावनेच्या भरात दिलेल्या पाचशे शेकेलांपेक्षा बँकेतून दरमहा आपोआप जाणारे वीस शेकेल शाळेला जास्त उपयोगी पडतात. पुढच्या वर्षी किती येणार हे ठाऊक असले तरच शिकवणीला शिक्षक नेमता येतो. दुसरी, आठवड्यातून एक तास. आपल्यात निवृत्त शिक्षक, परिचारिका, बँकेतले, विमान कारखान्यातले लोक कमी नाहीत. १९८४ नंतर आणि पुन्हा १९९१ नंतर इथिओपियाहून आलेली मुले माझ्या वर्गात बसली, तेव्हा दुपारी एक तास जादा थांबण्यापलीकडे मी काही विशेष केले नाही. त्या तासात भागाकार येऊ लागला की मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते ज्याने पाहिले त्याला मी काय म्हणते ते समजेल. गुडघे दुखत असले तरी बसून वाचता येते.

माझ्यापुरते मी ठरवले आहे. मुंबईच्या माझ्या शाळेसाठी दरमहा काही रक्कम बाजूला काढायला सुरुवात केली आहे आणि इथल्या वाचनालयात मंगळवारी संध्याकाळी दोन मुलांबरोबर बसते. एक रशियन घरातला आहे, एक अरबी बोलणारी मुलगी आहे. पुढच्या बैठकीत तो विषय मी स्वतः काढणार आहे. ज्यांना बरोबर यावेसे वाटेल त्यांनी यावे.

निघण्याच्या आदल्या दिवशी भाच्याचा सहा वर्षांचा मुलगा मला सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात घेऊन गेला. तिथे मुलांसाठी एक वेगळी बाग आहे, जेकब बॅलस यांच्या नावाची. बॅलस हे इराकमध्ये जन्मलेले ज्यू. विधवा आईने त्यांना सिंगापुरात गरिबीत वाढवले. पुढे ते शेअर बाजाराचे अध्यक्ष झाले, २००० साली वारले आणि मिळवलेला पैसा सत्कार्यासाठी ठेवून गेले. त्यातून ही बाग २००७ मध्ये उघडली. प्रवेश फुकट, पण एक नियम आहे: मोठ्या माणसांना बरोबर मूल असल्याशिवाय आत सोडत नाहीत.

फाटकावरच्या माणसाने माझ्याकडे पाहिले. मुलाने माझा हात घट्ट धरला आणि त्याला सांगितले, “ही माझ्याबरोबर आहे.” मग आम्ही आत गेलो. आत चिनी, मलय, तमिळ, गोरी, सगळ्या घरांची पोरे पाण्यात खेळत होती, आणि त्यांतले कोण कोणाचे ते मला ओळखता आले नाही.